चौथ्या वळणावरची हुर्यो

हॉइट अ‍ॅबशरला मी पहिल्यांदा पाहिलं नाही, ऐकलं. ऐकलं म्हणणंही तसं कमीच. तो माझ्यावर कोसळला. हातात हॉट डॉग धरून मी चौथ्या वळणावरच्या फळीवर नुकता टेकलो होतो, तोच डोक्यामागून असा काही आवाज निघाला की डोंगर खचला, धरण फुटलं, की बायबलात कबूल केलेला शेवटचा दिवस ठरल्यापेक्षा लवकर उजाडला, काय समजावं ते कळेना. पावातलं सॉसेज सुटलं ते थेट तीन रांगा खाली बसलेल्या पाद्री ग्रेसन यांच्या मांडीवरच्या टोपीत जाऊन विसावलं. वरची कोबी बहुधा शेजारच्या काउंटीत पोचली असावी. दूर कुठेतरी एक गाय हंबरली. माझा डावा कान त्या दिवसापासून माझ्याशी फटकून वागतो.

"बूऽऽऽऽ!"

मी मागे वळून पाहिलं. तिथे राक्षस नव्हता. अंगानं काटकुळा, इस्त्रीच्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेला एक माणूस गुडघ्यांवर हात ठेवून शहाण्यासारखा बसला होता. त्याने ओशाळून माझ्याकडे पाहिलं आणि कापसासारख्या आवाजात म्हणाला, "दचकलास का रे पोरा? घे, शेंगा घे."

उकडलेल्या शेंगांची ओली पिशवी माझ्या नाकासमोर आली. मी दोन उचलल्या.

"तुझा गडी कोण?" त्याने विचारलं.

"माझा कुणी नाही. मी आपला सहज आलोय."

त्याच्या चेहऱ्यावर अनाथाश्रमाच्या दारात उभं असल्यासारखी कळा आली. शेजारी डोक्याला रुमाल गुंडाळून बसलेल्या बायकोला त्याने कोपराने ढोसलं. "व्हर्जी, ऐकलंस? याचा कुणी गडीच नाही."

"अगं बाई!" व्हर्जी म्हणाली. "एवढा वाढला आणि घरच्यांनी काही शिकवलं नाही?"

"बरं, मग तू हुर्यो कुणाची करतोस?" हॉइटने विचारलं.

"कुणाचीच नाही."

हॉइटने हातातली शेंग पिशवीत परत टाकली. मग हळूच म्हणाला, "मग लेका, तू बघतोस तरी काय?"

ब्रशी फोर्क गावात मी त्याच आठवड्यात म्हाताऱ्या न्हाव्याचं दुकान चालवायला घेतलं होतं. गिऱ्हाईक जमवायचं असेल तर शनिवारी संध्याकाळी ट्रॅकवर तोंड दाखव, असं म्हाताऱ्यानेच बजावलं होतं. इथल्या लाल मातीच्या त्या अंडाकृती ट्रॅकवर पळणाऱ्या गाड्या म्हणजे काही इंद्राच्या रथशाळेतून उतरलेल्या नव्हेत. कुणाच्या तरी मामीला वर्षानुवर्षं दुकानात आणि चर्चमध्ये नेऊन दमलेली गाडी घ्यायची, तिच्या पोटातलं सगळं उपटून काढायचं, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवायचा, दारं कायमची जोडून टाकायची, कुशीवर हातभर आकडा रंगवायचा, आणि खिडकीतून आत शिरायचं. चालवणारा सोमवारी तुमच्या टायरला ठिगळ लावतो, मंगळवारी तुमच्या विहिरीचा पंप उघडतो. एरवी रस्त्यात तो तुम्हाला वाट देतो. शनिवारी मात्र सख्ख्या मेव्हण्याच्या गाडीला मागून ढुशी देऊन पुढे जातो, आणि ते बघायला मेव्हण्याची बायको, म्हणजे त्याचीच बहीण, रांगेत सर्वांत पुढे बसलेली असते.

शहरात राहणारी माझी बहीण एकदा पाहुणी म्हणून आली होती. तिने नाक मुरडून हॉइटला विचारलं, "पण हे नुसतं गोल गोलच फिरतात ना?"

"हो बाई," हॉइट टोपी काढून अदबीने म्हणाला. "आमचे धर्मगुरूही दर रविवारी त्याच पुस्तकातून वाचतात. आम्ही तरी जातो."

चौथं वळण ही काही बसायला चांगली जागा नव्हे. गाड्या तिथे आडव्या घसरत येतात आणि चाकांखालची माती थेट प्रेक्षकांच्या मांडीवर वाढतात. तिथले लोक घरी परतले की बायका नवऱ्यांना आधी अंगणात पाइपाने धुवून काढतात आणि मगच आत घेतात. पण तिथे पिढीजात बसणाऱ्यांना कडेच्या लाकडी छताखालची स्वच्छ जागा फुकट दिली तरी नको. "तिथून दिसतं," हॉइट म्हणायचा. "इथे लागतं."

आता त्या हुर्योविषयी.

हॉइट फर्निचरच्या कारखान्यात खुर्च्यांचे पाय घासायचा. यंत्रांच्या घरघरीत दिवसभर बोलायची सोय नाही, आणि घरी व्हर्जी असल्यामुळे बोलायची गरज नाही. इतका भिडस्त माणूस मी दुसरा पाहिला नाही. कॉफीत माशी पडली तर तो माशीचीच माफी मागून कप बाजूला सरकवायचा. माझ्या दुकानात केस कापताना एकदा माझ्या हातून त्याच्या कानाला कात्री लागली, तर म्हणाला, "माझाच कान जरा पुढे आलाय." असा हा माणूस आठवडाभराचा सगळा आवाज साठवून ठेवायचा आणि शनिवारी एकाच माणसावर उधळायचा. त्या माणसाचं नाव क्लेट मिंटन, गाडी नंबर चव्वेचाळीस.

कारण जुनं होतं. कधी काळी हॉइटचा चुलतभाऊ लोनी या ट्रॅकवर गाडी चालवायचा. एका शर्यतीत लोनी जिंकायच्या बेतात असताना शेवटच्या फेरीला, याच चौथ्या वळणावर, क्लेटने त्याला मागून ढुशी देऊन भिंतीत घातलं. लोनीला खरचटलंही नाही. त्याने महिन्याभरात क्लेटला माफ केलं, आणि पुढे तर दोघं एका होडीत बसून मासे धरायला जाऊ लागले. हॉइटने मात्र माफ केलं नाही.

"अहो, ज्याला ढकललं त्याने माफ केलं," मी एकदा म्हटलं. "तुमचं काय अडलंय?"

"लोनीचं लोनी बघेल," हॉइट म्हणाला. "मी गाडीच्या बाजूचा आहे. आणि गाडीने अजून माफ केलेलं नाही."

लोनी पुढे मुलीकडे फ्लोरिडात राहायला गेला. गाडी भंगारात गेली. हुर्यो तेवढी उरली, आणि वाइन मुरावी तशी मुरत गेली. शर्यतीआधी एकेका गाडीचं नाव भोंग्यावर पुकारायचे. "नंबर चव्वेचाळीस, क्लेट मिंटन!" असं झालं की चार टाळ्या पडायच्या आणि मग सगळा ट्रॅक गप्प व्हायचा. हॉट डॉगवाली चिमटा हवेत धरून थांबायची. पाद्री ग्रेसन सॉसेजच्या अनुभवाने शहाणे होऊन टोपी डोक्यावर चढवायचे. आणि हॉइट सावकाश उभा राहायचा, पट्टा वर ओढायचा, आणि घोट्यापासून आवाज काढायचा. खाली क्लेट गाडीच्या खिडकीत बसून कानाला हात लावायचा: ऐकू आलं नाही बुवा! मग दुसरी, पहिलीपेक्षा लांब. मग क्लेट टोपी उचलून चौथ्या वळणाला नमस्कार करायचा आणि खिडकीतून आत सरकायचा. एवढं झाल्यावरच माणसं खऱ्या अर्थाने टेकायची.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, चर्चमध्ये दोघं एकाच बाकावर. क्लेट चष्मा नेहमी गॅरेजमध्ये विसरायचा, म्हणून हॉइट स्तोत्रांचं पुस्तक दोघांच्या मध्ये धरायचा, आणि क्लेटला दिसावं म्हणून हात लांब करून धरायचा. त्यामुळे स्वतः हॉइटला काही दिसत नसे. तो नुसते ओठ हलवायचा.

आणि गावात क्लेटएवढा चांगला मेकॅनिक नसल्यामुळे सोमवारी हॉइटचा खटारा ट्रक क्लेटच्याच दारात उभा.

"आलास?" क्लेट गाडीखालूनच म्हणायचा. "परवा आवाज बसल्यासारखा वाटला तुझा. मध चाटत जा."

"तू पुढे यायची वाट बघून घसा वाळला."

"पाचवा आलो की रे!"

"सहा गाड्या होत्या."

"हा तुझा ट्रक कोण दुरुस्त करतं ते विसरू नकोस हं, हॉइट."

"म्हणून तर दर सोमवारी यावं लागतं."

असं वर्षानुवर्षं चाललं होतं. क्लेटची बायको वारली तेव्हा तिच्या दफनाच्या आठवड्यातला शनिवार त्याने गाडी काढली नाही, तर हॉइटही ट्रॅकवर आला नाही. विचारलं तर म्हणाला, "कुणाला बघायला जाऊ?"

मग एका सप्टेंबरमध्ये क्लेटची गाडी तिसऱ्या वळणावर कठड्याला चढली, हवेत गेली आणि कोलांट्या खात पलीकडच्या गवतात जाऊन उताणी पडली. ट्रॅकवर माणूस सहसा गप्प होत नाही. त्या वेळी झाला. नुसता एका चाकाचा फिरण्याचा आवाज येत होता. मी मागे पाहिलं. हॉइट उभा होता. तोंड उघडं होतं आणि त्यातून काही निघत नव्हतं.

क्लेट वाचला. गळ्याखालचं हाड, बरगड्या, डोक्याला मार, अशी बरीच मोडतोड घेऊन तो शहरातल्या इस्पितळात पडला. गावातल्या बायकांनी चिकन भरून भाजलेल्या इतक्या पेस्ट्री आणि केळ्याच्या पुडिंगची इतकी भांडी पाठवली की तिथल्या नर्सांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. हॉइट शेंगांची पिशवी घेऊन गेला, पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसला, तिचा एक पाय नीट घासलेला नाही असं म्हणाला, आणि संध्याकाळी उठून आला. त्याच्या मते ती भेट फार छान झाली.

हिवाळाभर क्लेट घरी बसून राहिला. गाडी मात्र त्याने पुन्हा उभी केली. एप्रिलमध्ये ट्रॅक उघडला त्या शनिवारी सगळं ब्रशी फोर्क लोटलं होतं. भोंग्यावर नाव पुकारलं, "नंबर चव्वेचाळीस, क्लेट मिंटन!" आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मग रिवाजाप्रमाणे शांत झाले. क्लेटने खिडकीत बसून कानाला हात लावला. हॉइट उठला, त्याने पट्टा वर ओढला, छाती भरून घेतली.

आणि टाळ्या वाजवल्या.

टोपी काखेत धरून, अगदी सावकाश, चर्चमध्ये बाळाच्या बाप्तिस्म्याला वाजवाव्यात तशा. गालावरून पाणी वाहत होतं. आजूबाजूच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावावा तसे रुमाल लावले. मलाही भरून आलं. इतक्या वर्षांचं वैर मिटलं, असं कुणीतरी म्हणालं.

खाली क्लेटचा हात कानावरून हळूहळू उतरला. तो चौथ्या वळणाकडे बघत राहिला. त्याने टोपी उचलली नाही. आत सरकला, कशाबशा दोन-तीन फेऱ्या मारल्या आणि गाडी बाजूला घेतली. इंजिनात बिघाड असणार, असं सगळ्यांनी ठरवलं.

बिघाड कुठे होता ते मला मंगळवारी कळलं. क्लेट दुकानात आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "असे काप की पडून चांगले दिसले पाहिजेत."

"कुठे पडून?"

"पेटीत. मागचे फार मनावर घेऊ नकोस, ते उशीत जातील. बाजूला दोन्हीकडे सारखे असू देत. पाद्री डावीकडे उभा राहतो, बहीण उजवीकडे बसते."

माझ्या हातातली कात्री थांबली. "क्लेट, काय बोलताय?"

"तू पण नाटक करू नकोस. हॉइटने टाळ्या वाजवलेल्या बघितल्यास ना?"

"मग?"

क्लेटने आरशातून माझ्याकडे बघितलं, मंद मुलाला बेरीज समजवावी तसं. "व्हर्जी कुठे कामाला आहे?"

व्हर्जी डॉक्टर पार्डू यांच्या दवाखान्यात दाराशी टेबलामागे बसायची. गावातला प्रत्येक खोकला तिच्यावरून जायचा.

"इस्पितळातून माझे एक्स-रेचे फोटो डॉक्टरकडे आले," क्लेट म्हणाला. "व्हर्जीने बघितले. व्हर्जीने घरी हॉइटला सांगितलं. आणि हॉइटने टाळ्या वाजवल्या. आता यातून दुसरा काय अर्थ निघतो सांग."

मी विचार केला. खरं सांगतो, दुसरा अर्थ मलाही दिसेना.

"डॉक्टरांना विचारलंत?"

"विचारलं ना. म्हणाला, ठणठणीत आहेस. आणि हसला. पार्डू कधी हसतो का रे?"

मी दोन्ही बाजू सारख्या केल्या. माझ्या हातून तेवढे नेटके केस कुणाचे कधी कापले गेले नाहीत.

त्यानंतर क्लेटने आवराआवर सुरू केली. पाद्री ग्रेसनना गाठून कोणती स्तोत्रं म्हणायची ते सांगितलं आणि खालच्या पट्टीत कोण गाणार याची काळजी व्यक्त केली. गॅरेजमधले चांगले नट-बोल्टचे पाने भाच्याला दिले. आणि गुरुवारी संध्याकाळी तो हॉइटच्या दारात उभा राहिला. हातात एक वाकडा, गंजका बंपर. लोनीला ज्याने ढुशी दिली होती तोच. इतकी वर्षं गॅरेजच्या भिंतीवर टांगून ठेवला होता.

"हा तुझ्याकडे असू दे," क्लेट म्हणाला. "चूक माझीच होती. वळणाच्या आतल्या अंगाला जागा होती असं वाटलं मला. नव्हती."

हॉइट बंपर छातीशी धरून दारातच उभा राहिला. क्लेट गेला. आणि आता हॉइटच्या डोक्यात तसलीच बेरीज झाली: क्लेट मिंटन आपली चूक कबूल करतोय, म्हणजे क्लेट मरतोय. त्याला माहीत आहे, डॉक्टरला माहीत आहे, म्हणजे व्हर्जीला माहीत आहे, आणि तिने आपल्याला सांगितलं नाही.

"व्हर्जी," तो आत जाऊन म्हणाला, "क्लेट जाणार का?"

व्हर्जीचं तत्त्व होतं: दवाखान्यातलं दवाखान्यात. टेबलामागे बसायला लागल्यापासून तिने कुणाचं गळूसुद्धा बाहेर फुटू दिलं नव्हतं. स्वतःच्या नवऱ्याचा रक्तदाब तिने त्याला एकदा पत्रानेच कळवला होता, कारण डॉक्टरांनी पत्र पाठवा असं सांगितलं होतं.

"मी दवाखान्यातलं घरात बोलत नाही," ती म्हणाली.

"नुसतं हो की नाही सांग."

"हो नाही आणि नाही नाही. जेवायला बस."

हॉइटच्या दृष्टीने हे उत्तर मिळालंच. तो जेवला नाही. बंपर त्याने दिवाणखान्यात सोफ्यावर टेकवून ठेवला आणि शेजारी बसून राहिला.

व्हर्जीला अर्थात सगळं ठाऊक होतं. क्लेटला काहीही झालेलं नव्हतं. तळलेलं डुकराचं मांस जरा कमी खा, एवढंच डॉक्टरांचं म्हणणं होतं. दोन शहाणे एकमेकांकडे बघून कसे मरणाच्या दारात जाऊन बसले आहेत, हेही तिला दिसत होतं. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. पुढे मी तिला म्हटलं, "निदान क्लेटला तरी सांगायचंत, त्याचंच दुखणं होतं." तर म्हणाली, "डॉक्टरने तोंडावर सांगितलं ते ज्याला पटत नाही, त्याला टेबलामागच्या बाईचं काय पटणार?" तरी आतून ती उकळत होती. त्या आठवड्यात तिने घरातलं प्रत्येक भांडं दोनदा घासलं.

शनिवार आला. यादीत चव्वेचाळीस नंबर नव्हता. मी माझ्या जागेवर बसलो, मागे हॉइट आणि व्हर्जी. आणि शर्यत सुरू व्हायच्या बेताला क्लेट मिंटन जिन्याने वर येताना दिसला. धुतलेला शर्ट, मी कापलेले केस, हातात बसायची उशी.

"इथे कुणी बसतंय?" त्याने हॉइटच्या शेजारी बोट दाखवलं.

हॉइटने घाईघाईने शेंगांची पिशवी उचलली. "बस बस. ऊन लागत नाही ना? वारा? व्हर्जी, तुझी शाल दे याला."

"मी बरा आहे."

"हो रे, आहेसच. घे, शेंगा घे. सोलून देऊ?"

मला वळून बघायची सोय नव्हती, पण मागे दोन माणसं इतकी हळुवारपणे एकमेकांना जपत होती की मला माझ्या जागेवर अवघडल्यासारखं झालं.

हिरवं निशाण पडलं. क्लेटने आजवर ही शर्यत कधी पाहिलीच नव्हती. चालवली होती. आतून माणसाला काय दिसतं? पुढच्याचा बंपर आणि धूळ. पहिल्या काही फेऱ्या तो हात मांडीवर ठेवून बसला. मग पुढे वाकला.

"अरे! तो तांबडा बघ. आतून येणार तो."

"कधीचा येतोय," हॉइट म्हणाला. "दोन फेऱ्यांपूर्वीच गाडीचा खांदा आतल्या अंगाला पाडलाय त्याने."

"हे सगळं इथून दिसतं?"

"मग काय झोपायला येतो आम्ही?"

गाड्या कळपाने वळणावर आल्या, आडव्या झाल्या, आणि अख्ख्या चौथ्या वळणाच्या तोंडावर लाल माती बसली. क्लेटच्या दाताला माती, भुवयांना माती, मी एवढ्या मेहनतीने सारख्या केलेल्या दोन्ही बाजूंना माती. तो खोकला, थुंकला, आणि लहान मुलासारखा हसायला लागला. फळी पायाखाली थरथरत होती. तो थरकाप गुडघ्यातून बरगड्यांत येतो आणि काही वेळाने कळत नाही की धडधडतंय ते इंजिन की आपण. पुढच्या रांगेतली आजी चालवणाऱ्या नातवाला आईमाईवरून हाका मारत होती. मागचा एक इसम पाठीवर थापा मारून ज्याला "बघ, बघ" म्हणत होता तो त्याचा कुणीच लागत नव्हता.

"आणि मी आत असतो तेव्हा," क्लेटने विचारलं, "तुम्ही असेच करता?"

"तू असतोस तेव्हा जास्त करतो."

शेवटच्या फेऱ्या आल्या. तांबडी गाडी पुढे होती, आणि मागून पांढऱ्या गाडीने तिला वळणाच्या तोंडावर एक ढुशी दिली. तांबडी गिरकी घेऊन गवतात. सगळं अगदी लोनीसारखं. क्लेट ताडकन उभा राहिला. उशी उडाली.

"बूऽऽ! अरे चोरा! जागा नव्हती तिथे! बूऽऽ!"

"घशातून काढू नकोस," हॉइट नकळत म्हणून गेला. "पोटातून काढ. घोट्यापासून."

"बूऽऽऽऽ!"

"आता बरी."

गाड्या थांबल्या, धूळ खाली बसली. क्लेट घामाघूम होऊन फळीवर टेकला. चेहरा एकदम उतरला.

"आता कुठे मजा कळली," तो म्हणाला. "आणि पुढच्या वर्षी मी असेन की नाही कोण जाणे."

हॉइटने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. आणि व्हर्जीचा बांध फुटला.

"हॉइट," ती म्हणाली, "उठ आणि याची हुर्यो कर."

"व्हर्जी!" हॉइट पांढराफटक पडला. "मरणाऱ्या माणसाची?"

"मी दवाखान्यातलं घरात बोलत नाही."

"माहीत आहे गं."

"हे घर नाही." तिने डोक्यावरचा रुमाल सोडून झटकला. मातीचा लोट उडाला. "म्हणून म्हणते. कर त्याची हुर्यो. मोठ्याने."

हॉइटने व्हर्जीकडे पाहिलं. तो आयुष्यभर तिच्या हिशेबाने चालला होता. ती मरणाऱ्याची चेष्टा करायला सांगणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. खुर्चीचा पाय घासून घासून गुळगुळीत व्हावा तसा त्याचा चेहरा हळूहळू मोकळा होत गेला. तो उठला. पट्टा वर ओढला. क्लेटच्या समोर, दोन वितींवर, तोंड करून उभा राहिला.

"बूऽऽऽऽऽऽ!"

पाद्री ग्रेसन यांची टोपी गेली ती गेलीच. क्लेट हुर्योच्या वाऱ्यात डोळे मिटून बसला होता. आवाज संपला तेव्हा त्याने डोळे उघडले. गालांवरच्या लाल मातीत दोन ओघळ पडले होते.

"म्हणजे मी मरत नाहीये?"

"माझ्या कानावर तरी आलेलं नाही," हॉइट म्हणाला.

"मग गाढवा, त्या दिवशी टाळ्या कशाला वाजवल्यास?"

हॉइट बुटाच्या टोकाने शेंगांची टरफलं फळीच्या फटीत ढकलत राहिला. व्हर्जीने मान दुसरीकडे वळवली. मीही वळवली, पण उजवा कान तसाच ठेवला.

"हात गारठले होते," हॉइट म्हणाला.

"बंपर परत दे माझा."

"देत नाही."

पुढच्या शनिवारी भोंग्यावर चव्वेचाळीस नंबर पुकारला. चार टाळ्या पडल्या, ट्रॅक गप्प झाला, क्लेटने कानाला हात लावला. ती हुर्यो ज्यांनी ऐकली ते अजून तिच्याविषयी बोलतात, आणि ज्यांनी ऐकली नाही तेही बोलतात. क्लेट त्या शर्यतीत आठवा आला. गाड्या नऊ होत्या. नववीने पेट घेतला होता.

त्यानंतर दोन वर्षांनी ट्रॅकची जमीन विकली गेली. तिथे आता सामान ठेवायच्या भाड्याच्या खोल्या आहेत. चौथ्या वळणाच्या जागेवरची खोली हॉइटने घेतली आहे. तिच्यात तो बंपर आणि व्हर्जीचा बिघडलेला फ्रीज आहे.